अण्णांची .३१५ : नळीच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

निवडणुकीची आचारसंहिता उठली आणि रायफल काल पोलीस ठाण्यातून घरी आली. मार्चच्या मध्यापासून जमा होती. जमा करताना नळीला तेल लावून कापडी खोळीत दिली होती. परत आली तेव्हा खोळ दमट होती आणि कुंद्याच्या (लाकडी दस्त्याच्या) पितळी पट्टीवर हिरवट डाग होता. तिथल्या माणसांना दोष देऊन उपयोग नाही. पन्नासेक हत्यारं एका खोलीत, खिडकी बंद, आणि प्रत्येकाची खोळ वेगळ्या कापडाची.

थोडी ओळख. इशापूर कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल. सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा, काडतूस मात्र वेगळं. इंग्रजांच्या काळात .३०३ हा लष्करी बोअर (नळीच्या भोकाचं माप), म्हणून खाजगी माणसाला बंद. त्यावर तोडगा म्हणून ऑस्ट्रियाच्या ८ × ५० आर मानलिखर काडतुसाच्या घराण्यातलं हे काडतूस आपल्याकडे रुळलं. परवान्यावर अजूनही '.३१५' लिहितात, खोक्यावर '८ एमएम'. गोळी जड, २४४ ग्रेनची, टोकाला शिसं उघडं आणि बाकी अंगावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच.

अण्णांनी ही घेतली ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाल्यानंतर. परवाना जिवाच्या आणि पिकाच्या रक्षणाचा. मळा निफाड तालुक्यात, आजूबाजूला ऊस, उसात बिबट्या. या रायफलने आजवर एकही जनावर मारलेलं नाही. बिबट्याला फटाके आणि बॅटरीच पुरते. वारसाहक्काने ती आता माझ्या नावावर आहे, म्हणजे तिचा गंजही माझ्याच नावावर.

आज एवढंच केलं: मॅगझिन काढलं, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी आणि करंगळीनं रिकामं असल्याची खात्री केली, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट काढला. या सांगाड्यात ते सोपं आहे. बोल्ट पूर्ण मागे ओढायचा, बोल्टचं डोकं वर फिरवायचं, की बोल्ट हातात येतो. बोल्टावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतो का ते पाहिलं, जुळतो. दुसऱ्या रायफलचा बोल्ट 'बसतो' म्हणून चालवणारे लोक आहेत, त्यांच्यापासून दोन हात लांब राहावं. काडतुसाच्या बुडाशी किती फट राहते हे त्या डोक्यावर ठरतं.

नळीतून खिडकीकडे पाहिलं. चकाकी आहे, पण मध्येच धूसर पट्टा.

१६ जून

नाशिकच्या सातपूरला आमच्या टूलरूममध्ये डाय तपासायला घेतलेला यूएसबी बोअरस्कोप आहे, म्हणजे भोकात घालायचा बारीक कॅमेरा. मालकांना विचारून रविवारपुरता घरी आणला. लॅपटॉपवर नळी आतून पाहिली आणि तासभर जागचा उठलो नाही.

चेंबर संपून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) सुरू होतात तो घसा जवळपास नवा आहे. कडा शाबूत, तडे नाहीत. पुढे आट्यांच्या उंचवट्यांवर तांब्याच्या लालसर रेघा, सलग नाहीत, ठिकठिकाणी. खाचांमध्ये काजळीचा काळा थर. नळीच्या मध्यापासून तोंडाकडे चार-पाच बोटं लांबीच्या भागात तपकिरी ठिपके, त्यातले काही खोल. तोंडाशी खालच्या बाजूला कड किंचित गोलावलेली. ती गोळीनं झालेली नाही, पुल-थ्रूच्या, म्हणजे नळीतून चिंदी ओढायच्या दोरीनं झालेली आहे. दोरी तिरकी ओढली की ती रोज त्याच जागी घासते आणि कालांतराने पोलादही झिजतं.

म्हणजे नळीची दुखणी तीन: तांबं, गंज आणि दोरीची घास. गोळीच्या घर्षणाने आलेली झीज मला कुठेच दिसली नाही. भाच्याला फोटो पाठवले.

२३ जून

भाच्याचं उत्तर आलं. तो टेक्सासात असतो. तिथे मोकाट रानडुकरं शेतीचा चक्काचूर करतात आणि खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांची शिकार कायदेशीर आहे. त्याची रायफल .२४३ विंचेस्टरची. त्याचा सल्ला थेट: "मामा, मॉली कोटेड गोळ्या वापर. नळी दुप्पट टिकते, तांबं बसतच नाही."

मॉली मला नवं नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइड. सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही शॉपमध्ये त्याची काळी पेस्ट सापडते, आणि गाडीच्या सीव्ही जॉइंटमधलं काळं ग्रीस तेच. गंधकाच्या दोन थरांत मोलिब्डेनमचा थर, आणि असे पापुद्रे एकमेकांवर सहज सरकतात. हाताला लागलं की दोन दिवस जात नाही. पण ते गोळीवर चढवून नळीत घालायचं, हे मी आधी खोलात जाऊन पाहिलं नव्हतं. भाच्याला लिहिलं, आधी माझी नळी साफ होऊ दे, मग तुझ्या मॉलीचं बघू.

७ जुलै

पाऊस लागून राहिलाय. काम गच्चीच्या शेडमध्ये, कारण अमोनियाचा वास घरात चालणार नाही असं स्वयंपाकघरातून कळवण्यात आलं.

आधी पाणी. शेजारचे सुभेदार काका आर्टिलरीतून निवृत्त झालेले, नाशिकरोडच्या सेंटरला त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते म्हणाले, "जुनी काडतुसं उडवली असतील तर तेलाआधी उकळतं पाणी. आमच्या वस्तादांनी तेच शिकवलं." त्यामागचं कारण पक्कं आहे. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचा भाऊच. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद खातं. हे मीठ तेलात विरघळत नाही. नळीला वरून कितीही तेल पाजा, खाली मीठ तसंच राहतं आणि तेलाखाली गंज चालू राहतो. विरघळतं फक्त पाण्यात. अण्णांच्या काळातली काडतुसं कुठल्या टोपीची होती याची पावती घरात नाही, म्हणून मीठ आहे असं धरूनच चाललो.

नळी तोंडाकडून खाली, चेंबरमध्ये लांब नळीचं नरसाळं, कुंदा जुन्या टॉवेलात गुंडाळून वर धरलेला. किटलीभर उकळतं पाणी सावकाश सोडलं. खाली बादलीत आधी राखाडी, मग चहासारखं, मग स्वच्छ. नळी इतकी तापते की उरलेला ओलावा स्वतःच उडून जातो, तरी दोन कोरड्या चिंद्या फिरवल्या.

चिंदीचं माप काकांना अजून तोंडपाठ आहे: सफाईला ४ बाय २ इंच, तेलाला ४ बाय दीड. तेलाची अर्धा इंच लहान का, तर तेल पिळून निघू नये, नळीला लागावं. मी त्यांना ब्रासोबद्दल विचारलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "ब्रासो बकलला. नळीला नाही."

१४ जुलै

पुल-थ्रू बंद. आजपासून सफाईचा गज, तोही मागून.

टूलरूममध्ये नायलॉनच्या गोल बारमधून एक मार्गदर्शक बुश टर्न केला. बोल्टच्या जागी सरकून बसतो, मधोमध भोक, त्यातून गज नळीच्या अक्षावर राहतो, घशाला किंवा आट्यांना घासत नाही. पहिला बुश लेथवरून उतरवला तेव्हा बोल्टच्या वाटेत घट्ट झाला. पाव मिलिमीटर घेतल्यावर अंगठ्यानं ढकलता येईल असा बसला. गजाची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे ब्रश आट्यांच्या वळणाबरोबर वळतो. मूठ घट्ट असेल तर ब्रश आटे ओलांडून खरवडतो.

तांब्यासाठी अमोनियाचं सॉल्व्हंट. चिंदी ओली करून फिरवली, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही, मग कोरडी. पहिली चिंदी गडद निळी आली, शाळेतल्या मोरचुदाच्या द्रावणासारखी. इथे एक फसगत टाळायला हवी. गजाच्या टोकाचा चिंदी धरणारा जॅग किंवा ब्रश पितळी असेल तर अमोनिया त्यालाही विरघळवतो आणि नळी साफ झाली तरी चिंदी निळीच येते. माणूस घासतच बसतो. म्हणून नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचा जॅग. अमोनियाजवळ ब्लीचची बाटली कधीही आणायची नाही, दोन्ही मिळून विषारी वायू होतो.

संध्याकाळपर्यंत निळा रंग फिका झाला. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

२८ जुलै

तांबं गेलं. बोअरस्कोपखाली आता सगळं उघडं दिसतं आणि मन थोडं खट्टू होतं, कारण तांब्याच्या रेघांखाली अजून ठिपके निघाले. गंजलेल्या भागावर बोअर पेस्ट (नळी घासायची बारीक पेस्ट) चिंदीवर घेऊन हलक्या हाताने फिरवली. सैल गंज निघाला. खोल खड्डे तसेच राहिले आणि राहतील. ते पॉलिश करून काढायचे म्हणजे आजूबाजूचं चांगलं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचं. टूलरूममध्ये डाय असती तर केलंही असतं. नळीत ते शहाणपणाचं नाही.

११ ऑगस्ट

आता मॉली. भाच्याशी दोन रात्री बोलणं झालं. त्याची बाजू त्याच्याच अनुभवातून ऐकली, मग माझं गणित मांडलं.

कोटिंग कसं करतात ते आधी. गोळ्या धुऊन तेलमुक्त करायच्या, पोलादी छऱ्यांसोबत डब्यात घालून त्यात मॉलीची बारीक पूड टाकायची आणि डबा तासन् तास हलवत ठेवायचा. छरे पूड गोळीवर ठोकून बसवतात. वरून कार्नोबा मेणाचा हात, म्हणजे बोटं काळी होत नाहीत. १९९० च्या दशकात तिकडे याची लाट आली. नॉर्मा, बर्जर अशा कंपन्या काळ्या गोळ्या विकू लागल्या, बार्न्सची निळ्या कोटिंगची गोळी आली, विंचेस्टरचं स्वतःचं काळं लुबॅलॉक्स निघालं.

फायदा खरा आहे, नाही असं नाही. तांबं कमी बसतं. भाचा पूर्वी वीस-पंचवीस बारांनी नळी साफ करायचा, आता त्याच्या कितीतरी पट बार काढून मग करतो, आणि नेम तोवर हलत नाही. रेंजवर दिवसभर बसणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

पण त्याची किंमतही असते. घर्षण कमी झालं की दाब कमी होतो, दाब कमी झाला की तेवढ्याच दारूत गोळी हळू जाते. म्हणून तिकडचे लोक दारू थोडी वाढवून वेग परत मिळवतात. ते स्वतः काडतूस भरतात, पायरी-पायरीने वाढवतात, वेग मोजतात. आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि परवान्याशिवाय तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा. आयतं काडतूस उघडून गोळी काळी करून पुन्हा बसवण्याचा विचारही कोणी करू नये. कायद्याचं सोडा, दाबाचा अंदाज चुकला तर बोल्ट डोळ्यासमोर आहे.

दुसरं, नळीला मॉलीची सवय लागते. अगदी साफ नळीतून पहिले काही बार इकडे-तिकडे जातात, आत पातळ थर बसला की मग स्थिर. मध्येच साध्या गोळ्या वापरल्या की पुन्हा पहिल्यापासून. आणि हा थर अमोनियात विरघळत नाही. चिंदी काळी येतच राहते, शेवटी पेस्ट घ्यावीच लागते.

आता 'दुप्पट टिकते' हा दावा. यावरच आमचं खरं वाजलं. नळी कशाने मरते? घशाशी, दारूच्या तप्त वायूने. जळत्या दारूचं तापमान अडीच हजार केल्विनच्या वर असतं, पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं. संपर्क काही सहस्रांश सेकंदांचा, म्हणून नळी वाचते, पण प्रत्येक बाराला पृष्ठभाग तापतो, निवतो, कडक होतो, बारीक तडे जातात आणि पुढचा वायू ते तडे कुरतडतो. गोळीच्या घासण्याचा वाटा त्यापुढे किरकोळ आहे. गोळीवर काळा मुलामा चढवून तिच्यामागून येणारी आग थंड होत नाही. त्यात हवेत मॉली स्वतःच चारशे अंशांच्या आसपास ऑक्सिडाइज व्हायला लागतं. वेग परत मिळवायला दारू वाढवली असेल तर आग उलट थोडी जास्तच.

भाच्याने मग त्याच्या घशाचे फोटो पाठवले. सुकलेल्या तळ्याची भेगाळलेली जमीन असते तसा घसा, आटे सुरू होण्याची जागा पुढे सरकलेली. आणि हे सगळं मॉली वापरून. .२४३ म्हणजे .३०८ च्या काडतुसाची मान आवळून ६.२ मिलिमीटरची केलेली. भरपूर दारू, अरुंद भोक. माझ्या .३१५ च्या भोकाचं क्षेत्रफळ त्याच्या दीडपटीहून जास्त, दारू बेताची, दाब जुन्या जमान्याचा, आणि बार वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझा घसा माझ्या नातवाच्या हयातीत जळणार नाही.

त्याची नळी आगीने जातेय, माझी पाण्याने. औषध एकच कसं चालेल?

१८ ऑगस्ट

पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर मॉलीबद्दल टूलरूमवाल्याची एक तक्रार नोंदवून ठेवतो. मॉलीचं वंगण कोरड्यात उत्तम चालतं, निर्वात पोकळीत तर फारच, म्हणून उपग्रहांच्या सांध्यांत ते वापरतात. दमट हवेत त्याची निसर कमी होते आणि ते हळूहळू ऑक्सिडाइज होतं. ग्राफाइटचं नेमकं उलटं, त्याला थोडी वाफ लागते. मॉलीत गंधक आहे, त्यामुळे ओल धरून बसलेल्या मॉलीच्या थराखाली आम्ल तयार होऊन पोलाद खाल्लं जातं का, यावर तिकडे वाद घालणारे दोन्ही बाजूंना आहेत. भाच्याची नळी स्टेनलेसची, घर वातानुकूलित, त्याला तो वाद परवडतो. माझ्या साध्या पोलादाच्या नळीत, भर पावसाळ्यात, साफ करायला हट्टी असा थर मी मुद्दाम का बसवावा?

भाचा आता बोरॉन नायट्राइडकडे वळतोय. पांढरी पूड, रचना तशीच पापुद्र्यांची, गंधक नाही, उष्णता मॉलीपेक्षा कितीतरी जास्त सोसते, हात काळे होत नाहीत. मॉलीपेक्षा मला तेच बरं वाटतं. पण घसा त्यानेही वाचणार नाही, हे त्याला सांगून झालंय.

१ सप्टेंबर

साठवणीचा बंदोबस्त. विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे, रायफल पुन्हा जमा करावी लागणार, तेव्हा परक्या खोलीत महिना-दोन महिने स्वतःची काळजी स्वतः घेईल अशी ती बांधायची आहे.

नाशिकमध्ये राहून याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. आमच्याकडून वाहन कंपन्यांना पोलादी पार्ट जातात ते व्हीसीआय कागदात. कागदातून निघणारी बाष्पं पोलादावर पातळ थर धरतात आणि गंज अडवतात. त्याचीच एक गुंडाळी नळीच्या लांबीएवढी कापली. आत नळीला गंजरोधक तेल, शॉपमधलं रस्टिलो, दीड इंची चिंदीने. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण महिनाभर राखण करायला नाही. बाहेरून पुसून कागद, वरून जाड पॉलिथीन, सिलिका जेलच्या पुड्या.

कापडाची, फोमची किंवा चामड्याची खोळ साठवणीला बाद. ती ओल शोषते आणि धरून ठेवते. चामड्यात कमावण्याची रसायनं असतात, ती वेगळीच.

पॅकिंगवर ठळक चिठ्ठी: 'नळीत तेल आहे. बारापूर्वी कोरडी करावी.' तेल भरल्या नळीतून बार काढला तर दाब वाढतो आणि पहिली गोळी भलतीकडे जाते.

२२ सप्टेंबर

ओळखीच्या रेंजवर, रीतसर परवानगीने, परवाना आणि काडतुसांचा हिशेब सोबत. अंतर ५० मीटर. साधी कारखान्याची काडतुसं, कोटिंग-बिटिंग काही नाही. नळी कोरडी चिंदी फिरवून घेतली.

पहिला बार बाकीच्यांपासून चार बोटं वर. साफ नळीचा पहिला बार असा वेगळा जातो, तो धरायचा नाही. पुढचे तळहाताएवढ्या जागेत. उघड्या साइटवर, माझ्या चष्म्यासकट, याहून जास्त मागणं हावरटपणा होईल. खड्डे असलेली नळी अजून नेम धरते. काका सोबत होते. त्यांनी एक बार काढला, मधोमध बसला, आणि परतीच्या वाटेवर त्याचा एकदाही उल्लेख केला नाही, जे त्यांच्या स्वभावात बसत नाही.

घरी येऊन लगेच: पाणी नाही, ही काडतुसं नवी. सॉल्व्हंटची चिंदी, नायलॉन ब्रश, कोरडी चिंदी, तेल. बोअरस्कोपमध्ये खड्ड्यांच्या कडेला तांबं थोडं बसलेलं दिसलं, गुळगुळीत भागात जवळपास नाही. एवढ्याशा तांब्यासाठी दर वेळी अमोनिया नको. वर्षातून एकदा पुरे.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. आईने शस्त्रपूजा मांडली: कोयता, विळा, माझा मायक्रोमीटर आणि रायफल. मागच्या वर्षी हळद-कुंकवाची ओली बोटं थेट नळीवर उमटली होती आणि झेंडूची माळ रात्रभर बोल्टवर होती. यंदा आईला विचारून मांडणी बदलली. कुंकू कुंद्याच्या लाकडावर, तेही कोरडं, माळ शेजारच्या पाटावर. आई म्हणाली, "देवाला चालतं, तुझ्या लोखंडालाच चालत नाही." आज सकाळी तरी बोल्टच्या मुठीवर एक पाकळी चिकटलेली निघालीच. पुसून तेलाचा हात दिला.

भाच्याचा निरोप: नवी नळी बसवायला टाकलीय, बोरॉन नायट्राइडची पूडही मागवलीय. त्याला एवढंच कळवलं की नवी नळी आली की पहिल्या दिवशीच घशाचे फोटो काढून ठेव, आणि दर दोनशे बारांनी त्याच जागेचे पुन्हा. मग दोघं मिळून बघू.

राहिलेली कामं: तोंडाची घासलेली कड परवानाधारक कारागिराकडे दाखवणे. कुंद्याला जवसाचं तेल. काकांचा पुल-थ्रू परत करणे.